यमुनेचं पुढे काय झालं?

बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघालं. उत्तरेत बंड पेटलेलं होतं, आणि इकडे सव्वीस वर्षांचा एक तरुण हिंदुस्थानातल्या विधवांची स्थिती सांगण्यासाठी गोष्ट रचत होता. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेच्या गाइडात तिचं नाव येतं आणि बहुतेकांची तिच्याशी ओळख तिथेच संपते. यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली. तिचा नवरा विनायकराव मोकळ्या मनाचा. दोघं मुलखात फिरतात आणि जागोजागी त्यांना विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालेलं, कुणाचा घरातच छळ चाललेला, कुणाला पाऊल वाकडं पडल्यावर सगळ्यांनी टाकून दिलेलं. यमुना ऐकत जाते. मग विनायकराव अपघाताने मरण पावतो आणि ज्यांची दुःखं ती ऐकत आली त्यांच्या पंगतीत तिचं स्वतःचं पान मांडलं जातं. शेवटी ती ख्रिस्ती होते, एका ख्रिस्ती गृहस्थाशी लग्न करते आणि पुस्तक मिटतं.

ते तिथे मिटतं याने मी अस्वस्थ होतो. ज्या बाईबरोबर आपण एवढा मुलूख पालथा घातला, तिचा दुसरा संसार कसा झाला? तिला मुलं झाली का? माहेरच्यांनी पुन्हा उंबरा ओलांडू दिला का? रात्री जाग आली की विनायकरावाची आठवण येत असेल, ती तिने कुणाजवळ बोलून दाखवली असेल? पदमनजींना विधवांचा प्रश्न मांडायचा होता आणि त्याचं त्यांना पटलेलं उत्तर द्यायचं होतं. उत्तर देऊन ते थांबले. यमुना मात्र तिथे उभीच आहे.

मी आयुष्यभर वसईत डॉक्टरकी केली. आता सांडोरला घरी असतो. डॉक्टरला माणसांच्या गोष्टी मधूनच कळतात आणि मधेच तुटतात. बाळंतपण झालं, टाके सुकले, डिस्चार्ज कार्डावर सही केली की ती बाई दारातून गेली ती गेली. तिला पुन्हा बोलावून ‘आता कशी आहेस’ असं विचारण्याला आम्ही फॉलोअप म्हणतो, आणि खरी वैद्यकी तिथे असते हे जाणत्या डॉक्टरला माहीत असतं. पदमनजींनी यमुनेच्या कार्डावर सही केली आहे. तिचा फॉलोअप कुणी केला नाही.

म्हणून गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेबरोबर मी ‘यमुनापर्यटन’चा पुढचा भाग लिहायला घेतला आहे. त्या शाळेत मराठी शिकवत. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला डॉक्टर म्हणतात. दोघांनी मिळून का, असं लोक विचारतात. त्याचं कारण साधं आहे. पदमनजी विधवांबद्दल कळवळ्याने बोलले, पण बोलले पुरुषाच्या तोंडून. पुढचा भागही एका पुरुषानेच लिहिला तर यमुनेला दुसऱ्यांदाही कुणाच्या तरी मध्यस्थीने बोलावं लागेल. बाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली, ‘डॉक्टर, यमुनेच्या मनातलं मी लिहीन. तिच्या अंगाला काय झालं ते तुम्ही लिहा.’ अट मला पटली. एकाच बाईचं अंग आणि मन अशी वाटणी फार काळ टिकत नाही हे पुढे दोघांच्याही ध्यानात आलं, पण कुणाचा शब्द कुठे शेवटचा ते ठरलेलं आहे.

पुस्तकाचा लेखक प्रोटेस्टंट, आणि आम्ही वसईचे ख्रिस्ती पोर्तुगिजांच्या काळापासूनचे कॅथलिक. सेंट थॉमस चर्चच्या सावलीत वाढलेल्या आमच्या पिढीला घरात बाबा पदमनजी हे नाव ऐकू आलं नाही. प्रार्थना लॅटिनमधून, घरातलं बोलणं बोलीतून आणि पुस्तकं शाळेची, असा आमचा तिढा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, ‘सुवार्ता’ मासिक घरोघर गेलं, नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी ही आपलीच, असं आता सांगावं लागत नाही. मग मराठी ख्रिस्ती माणसाने लिहिलेली पहिली कादंबरी तरी आपण परकी का मानावी? पंथ वेगळा म्हणून वारसा सोडून देणं मला परवडणारं वाटत नाही.

दुसऱ्याच्या पुस्तकाला हात लावायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला. कायद्याने अडचण नाही. पदमनजी १९०६ साली वारले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. नैतिक अधिकाराचं उत्तर आपल्या परंपरेत आहे. बाणभट्टाची ‘कादंबरी’ अर्धी राहिली आणि बाण गेला. ती त्याच्या मुलाने पुरी केली, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की काव्याच्या अभिमानापोटी मी हे करत नाही, कथा तुटल्याने रसिकांना दुःख झालं म्हणून करतो आहे. एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबलं. पुढचं गावबाने लिहिलं. पुरणपोळीसाठी हट्ट धरणारा, शिकण्यात मागे पडलेला मुलगा, अशी त्याची गोष्ट परंपरा सांगते. आजही रामायण वाचणारा माणूस नाथ कुठे संपले आणि गावबा कुठे लागला याची चौकशी न करता पुढे वाचत जातो.

पण मला सर्वांत जवळचं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, आणि १९१९च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा दहाएक अध्याय झाले होते. उरलेलं महाकाव्य लक्ष्मीबाईंनी लिहिलं. साठाहून अधिक अध्याय! ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, लग्नानंतर घरीच अक्षरं गिरवली होती, त्या बाईंनी आपल्या विद्वान नवऱ्याच्या कामाला त्याच्या कित्येक पट मजकूर जोडला. पुस्तक १९३८ साली बाहेर आलं. ते पाहायला लक्ष्मीबाई नव्हत्या. दोन वर्षं आधीच त्या गेल्या होत्या. ‘स्मृतिचित्रे’चं कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. ‘ख्रिस्तायन’ मात्र कुणी उघडत नाही. माझ्या मते लक्ष्मीबाईंच्या धैर्याचा खरा पुरावा तिथे आहे. स्वतःचं आयुष्य सांगताना माणूस आपल्या अंगणात असतो. दुसऱ्याने घातलेल्या जोत्यावर भिंत चढवायची तर त्याच्या मापात राहून स्वतःचा हात चालवावा लागतो. टिळक गेल्यावर त्या विधवा झाल्या होत्या हेही विसरू नये. एका विधवेने मराठीतलं एक अपुरं काव्य पुरं केलं, हे यमुनेबद्दल लिहिताना सारखं आठवतं.

बाहेरच्या जगात या कामाला बरी-वाईट दोन्ही नावं आहेत. सर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली गाजला, तेव्हा आव्हेयानेदा असं टोपणनाव घेतलेल्या कुणी १६१४ साली परस्पर दुसरा भाग छापून टाकला. सर्व्हांतेस चिडला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचा दुसरा भाग काढला. त्या चिडण्याने जगाला एक थोर पुस्तक मिळालं. उलट बाजूला जीन ऱ्हीस आहे. डॉमिनिका बेटावरच्या एका डॉक्टरची ही मुलगी. ‘जेन एअर’मध्ये माळ्यावर कोंडून ठेवलेली जी वेडी बायको आहे, ती मूळची कोण, तिला तिथवर कुणी आणलं, हे तिने १९६६ साली ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये सांगितलं. तेव्हा ती पंचाहत्तरी ओलांडलेली होती. हे पुस्तक वाचल्यावर ‘जेन एअर’ पूर्वीसारखं वाचता येत नाही. आधीच्या लेखकाने जिला बोलू दिलं नाही तिला बोलतं करणं, एवढ्या एका कारणासाठी तरी दुसऱ्याच्या कादंबरीत शिरावं असं मला वाटतं. लोकप्रिय नाव चालवून पैसे करण्यासाठी शिरू नये.

काम सुरू झालं तेव्हा पहिली अडचण कायद्याची निघाली. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा विधवेला लग्न करायची मुभा देतो, पण तिने लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतो. त्याच्या सहा वर्षं आधीचा १८५० चा कायदा म्हणतो, धर्म बदलला म्हणून कुणाचा मिळकतीचा हक्क जाऊ नये. यमुना ख्रिस्तीही झाली आणि तिने लग्नही केलं. एका कायद्याने दिलं ते दुसऱ्याने घेतलं! विनायकरावाच्या भावकीने हा मुद्दा सोडला असता का? मुळीच नाही. बाईंनी त्यावर एक प्रकरण लिहिलं आहे. त्यात यमुना कचेरीत बसली आहे. समोर कागद आहे, आणि तिला वाचता येतं हे कारकुनाच्या डोक्यातच नाही. तो तिला मोठ्याने मजकूर वाचून दाखवतो, एक ओळ गाळतो. यमुना बोट ठेवून म्हणते, ‘ही राहिली.’ मिशनच्या शाळेचा उपयोग पदमनजींनी तिला धर्म कळावा म्हणून दाखवला. तो इथे असाही झाला. मला हे प्रकरण आमच्या पुस्तकातलं सर्वांत सरस वाटतं, आणि त्यात माझा एक शब्द नाही.

शब्दांच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती त्याच १८५७ साली निघाली, आणि त्या कोशाचा संक्षेप पुढे १८६३ साली खुद्द पदमनजींनी केला. आपल्या लेखकाने कोणते शब्द हाताळले होते हे कळायला याहून चांगलं साधन कुठलं? दोन्हींचे छापील तुकडे टेबलावर असतात. एखादा शब्द आजचा वाटला की बाई पेन खाली ठेवतात आणि कोश उघडतात. फुलस्केपच्या डाव्या समासात त्यांच्या तांबड्या शाईच्या खुणा असतात, उजवीकडे माझ्या निळ्या. काही पानांवर मूळ मजकुरापेक्षा समासच दाट झालेला आहे.

यमुनेला वसईत आणावी असं मला फार वाटत होतं. मुंबईहून येणारा रेल्वेचा रस्ता १८६४ साली खाडी ओलांडून पुरा झाला. ती गाडीने यावी, वाड्यांतून चालत जावी, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी रहाट पाहावा, आमच्या बायकांची लाल लुगडी पाहावी. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘डॉक्टर, त्या काळी आपल्या कॅथलिक गावात या प्रोटेस्टंट बाईला कुणी घरात घेतलं असतं का?’ यावर आमचा बराच काळ वाद चालला. शेवटी ठरलं की ती यावी आणि जे घडलं असतं तेच घडावं. एक घर दार लावून घेतं. दुसऱ्या घरची म्हातारी, स्वतः विधवा, तिला ओट्यावर बसवते, पाणी देते आणि काही विचारत नाही. विधवेने दुसरं लग्न करायला आमच्या चर्चची कधी मनाई नव्हती, घरांची मात्र होती. दवाखान्यात असं किती पाहिलं! पंचविशीत नवरा गेलेली बाई दिराच्या मुलांना वाढवत साठीला पोचते आणि रक्तदाब तपासताना सहज सांगते की एकदा मागणी आली होती, पण घरात बोलायची सोय नव्हती. त्या ओट्यावरच्या म्हातारीला मी तिचा आवाज दिला आहे. नाव नाही दिलं.

माझ्या वाट्याला खरं काम आलं ते प्लेगच्या प्रकरणात. कादंबरीतली यमुना विशीच्या आतबाहेरची धरली तर १८९६ साली ती साठीला टेकलेली असणार. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टराने पहिल्यांदा ओळखलं की हा ताप नेहमीचा नाही. आधी हुडहुडी, मग जांघेत किंवा काखेत कोवळ्या आंब्याएवढी गाठ. हात लावू देत नाही इतकी दुखरी. डोळे लाल, जीभ पांढरी, बोलणं दारू प्यालेल्या माणसासारखं अडखळतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निकाल. मी प्लेग पाहिलेला नाही, पण अंगावरच्या गाठीला हात लावताना रोग्याच्या तोंडाकडे कसं पाहायचं हे मला माहीत आहे, आणि ते यमुनेला कसं शिकवायचं तेही. माणसं घरं सोडून पळत होती, सरकारी पथकं घराघरात शिरून तपासत होती, आणि एक म्हातारी बाई झोपडीत बसून अनोळखी माणसाच्या ओठाला पाणी लावते आहे. हे कल्पनेतलं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण सावित्रीबाई फुले त्याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्या शेजारी डॉक्टर म्हणून उभा होता त्यांचा यशवंत. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. तिला फुले पतिपत्नींनी आसरा दिला, मूल दत्तक घेतलं आणि त्याला डॉक्टर केलं. पदमनजींच्या पुस्तकातल्या टाकून दिलेल्या विधवांपैकी एकीची गोष्ट पुढे न्यायची तर ती अशी जाते. हा पुढचा भाग इतिहासाने लिहून ठेवलेला आहे.

असा आणखी एक आहे. मुंबईच्या जयंतीबाई लहान वयात विधवा झाल्या. पदरी मुलगी होती. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे सखाराम अर्जुन नामांकित वैद्य आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्यांत दोन भारतीय होते, त्यांतले ते एक. जयंतीबाईंची मुलगी रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून ती कोर्टात उभी राहिली, तुरुंगात जायलाही तयार झाली, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिने वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. विधवेने लग्न केलं, त्या घरात तिची मुलगी शिकली आणि ती डॉक्टर झाली. यमुनेच्या दुसऱ्या संसाराला जर कुणी विचारलं असतं की यातून काय निघणार, तर त्याचं उत्तर डॉ. रखमाबाई आहेत.

हे दोन धागे सापडल्यावर माझं या पुस्तकाशी असलेलं नातं बदललं. एवढ्या डॉक्टरांची नावं या विधवांच्या गोष्टीत येतात हा मला योगायोग वाटत नाही. धर्माने, जातीने, भावकीने जिच्यासाठी दार लावलं तिला दवाखान्याचं दार ढकलता येत होतं. रोगी म्हणून, सेविका म्हणून, पुढे डॉक्टर म्हणूनही. आमच्या कादंबरीत यमुनेची मुलगी काय होणार हे बाईंनी अजून ठरवू दिलेलं नाही. त्यांना ती शिक्षिका हवी आहे. माझं मत उघड आहे.

एक गोष्ट दोघांनाही पक्की ठाऊक आहे. पदमनजींना आम्ही खोटं पाडणार नाही. त्यांचा ख्रिस्तावरचा विश्वास, पुनर्विवाहावरचा भरवसा, दोन्ही आमच्या पुस्तकात जसेच्या तसे राहतील. यमुना त्या विश्वासाने जगेल आणि त्या विश्वासाला काय काय सोसावं लागलं तेही सांगेल. ज्याच्या खांद्यावर उभं राहायचं त्याच्याच कानाखाली मारायची, असली पुढच्या भागांची हल्लीची तऱ्हा मला अजिबात मान्य नाही. त्यांचं पुस्तक न वाचता कुणी आमचं वाचू नये. सुरुवातीला तसं स्पष्ट लिहायचं ठरलं आहे.

आणि आता वाचकांकडे एक मागणं आहे. पुनर्विवाह केलेल्या त्या काळच्या बायकांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं उरलं आहे. तुमच्या घरात पणजीची, खापरपणजीची एखादी वही असेल, दुसऱ्या लग्नानंतर माहेरी धाडलेलं आणि परत आलेलं पत्र असेल, बाप्तिस्म्याचा किंवा लग्नाचा दाखला असेल, अगदी मोडी लिपीतला न लागणारा कागद असेल, तर तो रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला दाखवा, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याबद्दल विचारा आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका, कारण सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.